पाय लागला तर

माझं वजन एकशे छत्तीस किलो, उंची सहा फूट तीन इंच, आणि पोटापाण्याचा धंदा म्हणजे समोरच्या उभ्या माणसाला आडवं करणं. एवढं सांगितलं की लोक एकतर मागे सरकतात, नाहीतर माझ्यासोबत फोटो काढतात. जेवायला बोलावलं की मात्र यजमानांची पंचाईत होते, कारण मी अंडंसुद्धा खात नाही. कांदाबटाटाही घरी वर्ज्य. मग एवढा देह कशावर पोसला, असं विचारतात. डाळीवर, पनीरवर आणि आईच्या हट्टावर.

माझं नाव श्रेणिक मगदूम. मूळ गाव नांदणी, तालुका शिरोळ. वडील साखर कारखान्यात फिटर होते. मी नऊ वर्षांचा असताना ते गेले. आई मिरजेत नर्स होती. दोन वर्षांनी तिला अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नोकरी लागली आणि आम्ही दोघं इकडे आलो. शाळेच्या पहिल्याच दिवशी तिथल्या मास्तरांनी माझ्या खांद्यांची रुंदी पाहिली आणि मला वर्गात न नेता मैदानावर नेलं. श्रेणिकचं 'निक' तिथेच झालं.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन संघ एका रेघेवर समोरासमोर वाकून उभे राहतात. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांचा सूत्रधार मागे उभा असतो. तो क्वार्टरबॅक. चेंडू लांब फेकायला त्याला साधारण तीन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ मिळावा म्हणून त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते. ती भिंत तीन सेकंदांच्या आत फोडून त्याला चेंडूसकट लोळवायचं, हे माझं काम. मला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. चेंडू हलल्यापासून खेळ थांबेपर्यंतचा एक डाव. अकरा वर्षं मी हे काम टोलेडो हॅमर्स या संघासाठी केलं. त्यातली दहा वर्षं आमचा संघ हरण्यासाठीच प्रसिद्ध होता. गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. सन दोन हजार त्रेचाळीसचा हंगाम आमचा, असं सगळे म्हणत होते. तो माझा बारावा हंगाम झाला असता आणि तो मला हवाच होता. दहा वर्षं मार खाल्ल्यावर ताट वाढलं जातंय आणि मी पंगतीतून उठायचं? मुळीच नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोच ऑर्टननी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. कोच म्हणजे साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पडद्यावर एक चित्रफीत लावली.

"हे काय आहे, निक?"

पडद्यावर मीच होतो. समोरचा गडी पडला होता, माझा पाय त्याच्या बरगडीला लागला होता. आणि मग माझा उजवा हात खाली त्याच्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत माझ्या छातीकडे आला.

"परत बघ," म्हणून त्यांनी दुसरी फीत लावली. मग तिसरी. अशा एक्केचाळीस. वेगवेगळी मैदानं, वेगवेगळे गडी, हात तोच. अकरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही ठाऊक नव्हतं.

"कोच, त्याला पाय लागला ना माझा."

"मग?"

"मग नमस्कार."

कोचनी चित्रफीत थांबवली. "तू त्याला पाडायला निघाला आहेस. आणि पाडताना त्याची माफी मागतोस?"

"पाडल्याची नाही. पाय लागल्याची."

ते हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की प्रत्येक खेळाडूची हालचाल चित्रफितीच्या चौकटीगणिक तपासणारं नवं यंत्र आपण यंदा घेतलं आहे, इतर संघांनी गेल्या वर्षीच घेतलं. त्या नमस्कारात माझा उजवा हात सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा कामातून जातो. आपल्या यंत्राला दिसलं ते इतरांच्याही यंत्रांना दिसलंच असणार. किंबहुना दिसलं होतं. गेल्या हंगामाच्या शेवटच्या चार सामन्यांत समोरचे गडी माझ्या पायापाशी मुद्दाम पडत होते. एकजण लोळण घ्यायचा, माझा हात खाली जायचा आणि दुसरा त्याच बाजूने मला धडक द्यायचा. मला वाटत होतं, वय झालं.

"तुझं वय झालेलं नाही," कोच म्हणाले. "तुला खोड आहे. आणि खोड काढता येते. डॉक्टर ओकाफोरना भेट."

आता आईविषयी सांगायला हवं. मी खेळणार म्हटल्यावर आईने दोन दिवस अबोला धरला होता. आमच्या घरात मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडतात. चालताना नजर जमिनीवर, पाऊल टाकण्याआधी जागा बघायची, हे मी चालायला शिकलो तेव्हाच शिकलो. पाय कुणालाही लागला, माणसाला, पुस्तकाला, ताटाला, तर लगेच वाकायचं, हाताने स्पर्श करायचा आणि तो हात छातीला लावायचा. अशा घरातला पोरगा माणसं पाडायला निघाला! तिसऱ्या दिवशी ती बोलली. "पाड. पर तुडवू नगंस. कुणाला तुडवलंस असं कळलं, तर त्या दिवशी खेळ बंद." मी कबूल केलं. त्यानंतर वीसएक वर्षं ती प्रत्येक सामना बघत आली. चेंडू कुठे आहे हे तिला कधीच सांगता यायचं नाही. ती माझे पाय बघायची.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना मी तिला काही सांगितलं नाही.

डॉक्टर ओकाफोर शांत बाई होत्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि शाळेत शिकवतात तसं शिकवलं. आपण एखादी गोष्ट नव्याने करतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग पायरीपायरीवर लक्ष ठेवतो. तीच गोष्ट हजारो वेळा झाली की सगळ्या पायऱ्यांचं एक गाठोडं बांधलं जातं आणि ते मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायटम नावाच्या ठिकाणी ठेवलं जातं. पुढे नुसती खूण मिळाली की अख्खं गाठोडं बाहेर पडतं. आपल्याला विचारलंही जात नाही. हीच सवय. पण सवय जागी झाली की थोडा वेळ त्या गाठोड्याच्या गाठी सैल असतात. त्या पुन्हा आवळाव्या लागतात. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. नवी गोष्ट एवढीच, की आता डोक्यावर टोप घालून हजार ठिकाणांहून सोडलेल्या ध्वनिलहरी तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर एकवटता येतात. कुठे कापाकापी नाही. सवय जागी करायची, जागा शोधायची आणि गाठी आवळायच्या वेळी लहरी सोडायच्या. गाठी सुटतात. लोक सिगारेट सोडतात, नखं खाणं सोडतात. खेळाडू असल्या खोडी सोडतात. एकूण तीन बैठका.

"धोका?" मी विचारलं.

"त्या तांदळाएवढ्या जागेत लाखांच्या घरात पेशी असतात," त्या म्हणाल्या. "त्यांतल्या काही दुसऱ्या सवयींच्याही कामाला असतात. कोणत्या, ते आधी सांगता येत नाही. तुम्ही विचार करून सही करा."

त्यांनी काही लपवलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. मी विचार केला नाही, हेही सांगतो. मी बाराव्या हंगामाचा विचार केला आणि सही केली.

पहिली बैठक विनोदीच होती. डोक्यावर टोप, समोर एक तंत्रज्ञ पाय पसरून बसलेला, आणि मी त्याच्या पायाला पाय लावायचा. चाळीस वेळा लावला. पस्तीस वेळा हात खाली गेला. शेवटच्या पाच वेळी हात मांडीवरच राहिला. तंत्रज्ञाने टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या.

पुढचे सहा दिवस मी सरावात धुमाकूळ घातला. भिंत नावाची गोष्ट उरलीच नव्हती. पडलेल्यांवरून मी असा जात होतो जसं काही मैदान रिकामं आहे. कोचनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि त्यांची थाप मला चार वर्षांनी मिळत होती. दुसरी बैठक त्या शुक्रवारी ठरली.

गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात दूध घ्यायला गेलो. आई ओट्याशी भाकरी थापत होती. मी दूध घेऊन टेबलाशी बसलो, तरी ती तव्याकडे वळली नाही. पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"श्रेणिक, माझ्या पायावर पाय दिलास तू."

"कधी?" मी म्हटलं.

ती हात धुऊन आली. तिचा डावा पाय लाल झाला होता. तिने मला खुर्चीत मागे रेलायला लावलं, माझे मोजे काढले आणि कंगव्याच्या टोकाने दोन्ही तळव्यांवर टोचून बघितलं. "हितं कळतंय? हितं? डोळं मीट आणि सांग." चाळीस वर्षं नर्सचं काम केलेली ती. सगळीकडे कळत होतं.

"पाय तर धड हाईत," ती म्हणाली. "मग तू कुठं गेलायस रं?"

मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही, याचाच मला धसका बसला. भाकरी करपली, ती तिने तशीच काढून ठेवली. "आज खेळाय जाऊ नगंस," एवढंच म्हणाली.

मी गेलो. इथेच मी चुकलो आणि ही चूक कुठल्या यंत्राची नाही.

आमच्याच संघाचा कोल्बी रीस त्या दिवशी माझ्यासमोर होता. तेवीस वर्षांचा, भिंतीतला आमचा सगळ्यात चांगला गडी. दुसऱ्याच डावात तो घसरला, मी त्याच्यावरून पुढे गेलो आणि क्वार्टरबॅकच्या जागी ठेवलेली बाहुली लोळवली. मी दोन्ही हात वर केले. कुणी ओरडलं नाही. मागे वळून बघतो तर सगळे कोल्बीभोवती जमलेले. माझ्या बुटाच्या खिळ्यांनी त्याच्या तळहाताची दोन हाडं मोडली होती. मला पायाखाली काही आल्याचं कळलंसुद्धा नव्हतं.

दुपारी त्याला भेटायला गेलो. हात प्लास्टरमध्ये होता. यंदाचा हंगाम त्याच्यापुरता संपला होता.

"होतं असं, निक," तोच म्हणाला. "दुसरा कुणी असता तर मी हात झटकन ओढून घेतला असता. पण तू होतास. तू कधी कुणावर पाय देत नाहीस, म्हणून मी घाई केली नाही."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि दहा मिनिटं गाडी सुरू केली नाही. संघातल्या सगळ्यांना माझे पाय माहीत होते. नमस्कार कुणी पाहिला नव्हता, पण माझ्या पायाखाली आपण सुरक्षित आहोत हे त्यांनी न बोलता ओळखलं होतं आणि तसंच धरून चालले होते. मला लाज वाटली. आयुष्यात तेवढी कधी वाटली नव्हती.

डॉक्टर ओकाफोरनी माझ्या मेंदूचं नवं चित्र काढलं आणि जुन्याशेजारी ठेवलं. नमस्काराची जागा फिकी झाली होती. तिला लागूनच आणखी एक ठिकाण होतं, तेही फिकं झालं होतं. पाऊल टाकण्याआधी जागा बघायची सवय.

"ही दोन्ही तुमच्यात एकत्रच बांधली गेली असणार," त्या म्हणाल्या. "एवढी घट्ट जोडलेली मी कुणात पाहिली नाही. मला वाईट वाटतं."

"परत बसवता येईल?"

"यंत्राने नाही. यंत्र फक्त सोडवतं, बांधत नाही."

"मग कशाने?"

"लहान मूल शिकतं तसं शिकावं लागेल. आठवून, ठरवून, हजारो वेळा. आणि या वयात जमेलच असं नाही."

"जमलं हे कळायचं कसं?"

"ठरवायला वेळच नसताना तुमचा पाय स्वतःहून योग्य ते करेल. तेव्हा जमलं म्हणायचं."

शुक्रवारी मी कोचना सांगितलं की दुसरी बैठक करणार नाही आणि पहिलीत गेलं आहे तेही परत आणणार आहे.

"कोल्बीचं मलाही दुःख आहे," कोच म्हणाले. "पण हा सराव आहे. हाडं मोडतात. तू गेल्या सहा दिवसांत जसा खेळलास तसा अकरा वर्षांत खेळला नव्हतास."

"खरं आहे."

"आणि तू ते सोडणार?"

"हो."

ते खिडकीशी गेले. "तेवीस ऑगस्टला ओमाहाविरुद्ध शेवटचा सराव सामना आहे. त्यानंतर संघाची यादी पक्की होते. तुझ्या जागेसाठी दुसरा माणूस तयार आहे, आणि तो कुणाला नमस्कार करत नाही. त्या सामन्यात मला कारण दाखव. नाहीतर माझा नाइलाज आहे."

माझ्या हातात पाच आठवडे होते.

आईने गाडी रस्त्यावर काढायला लावली आणि गॅरेज झाडून घेतलं. माझ्या जुन्या पँटींत चिंध्या भरून तिने सहा माणसं शिवली. आडवी, तिडवी, हात पसरलेली. माझ्या आकाराच्या पँटी, त्यामुळे ती माणसं चांगली तगडी निघाली. ती स्वतः घडीच्या खुर्चीत बसली आणि हुकूम सोडायला लागली.

"बघ. पाय टाक. लागला? वाक. हात. छाती. पुन्यांदा."

तेहतीस वर्षांचा घोडा मी, आणि आई मला चालायला शिकवत होती. सकाळी दोनशे वेळा, सरावाहून आल्यावर तीनशे वेळा. पहिल्या आठवड्यात काहीच होईना. मी आठवलं तर हात जायचा, विसरलो तर जायचा नाही. पायाचं तर विचारू नका. चिंध्यांच्या माणसांची बोटं मी इतक्यांदा तुडवली की आईने ती दोनदा पुन्हा शिवली.

नवव्या दिवशी मी वैतागलो. हात अर्ध्यात नेला आणि सोडून दिला.

"हे काय?" आई म्हणाली. "करायचा तर नीट कर की. अर्धा कसला नमस्कार? मैदानावर बी तू असाच करत हुतास. मला काय दिसत नव्हतं व्हय?"

"तुला माहीत होतं?"

"पैल्या सामन्यापासनं. म्हटलं, गडबडीत हाय पोरगा, अर्धा तर अर्धा."

मी चिडून पूर्ण नमस्कार केला. अगदी खालपर्यंत वाकलो, चिंध्यांच्या छातीला हात लावला आणि झटक्याने वर माझ्या छातीपर्यंत आणला. तसाच थांबलो. मग पुन्हा केला. मग आईला खुर्चीतून उठवून म्हटलं, "तू जरा बाजूला हो," आणि भिंतीशी उभी केलेली, सरावात धडका द्यायची जाड गादी समोर ओढून पुन्हा केला.

आमच्या खेळात एक डाव आहे. समोरच्याच्या काखेखालून हात खालून वर हिसकायचा आणि त्या फटीतून खांदा घुसवायचा. त्याला अट एकच, तुमचा खांदा त्याच्या खांद्यापेक्षा खाली हवा. अकरा वर्षं कोच माझ्यावर ओरडत होते, "खाली, निक, खाली!" आणि एवढा देह घेऊन मला तेवढं खाली कधी जमलं नव्हतं. नमस्काराला वाकलो की मी आपोआप तेवढा खाली जात होतो. आणि जमिनीवरून छातीकडे येणारा हात नेमका त्याच वाटेने येत होता. नमस्कार मला महाग पडत नव्हता. तो मी अर्ध्यावर सोडत होतो आणि हात मधेच लोंबकळत राहायचा, तेच महाग पडत होतं.

मी आईला उचलून गोल फिरवलं. "खाली ठेव मेल्या, चक्कर येतीया," ती ओरडली, पण हसत होती.

त्यानंतरचे चार आठवडे मी कसे काढले ते माझे गुडघेच जाणोत. नमस्कार वेग धरत गेला. पंधरा ऑगस्टपर्यंत तो पूर्ण होऊनसुद्धा पूर्वीच्या अर्ध्याहून लवकर व्हायला लागला. पाय मात्र हट्टी. मी बघायचो, ठरवायचो आणि मगच पाऊल टाकायचो. रोज पाचशे वेळा ठरवून टाकलं. ठरवल्याशिवाय एकदाही नाही. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "करत राहा." मी करत राहिलो. बारावा हंगाम हवा होता हे खरं, पण आता त्याच्याइतकंच, कदाचित त्याच्याहून जास्त, मला माझा पाय हवा होता. एका वेळी दोन्ही मिळवायचे, असं मी ठरवलं होतं.

तेवीस ऑगस्टला दुपारी एक वाजता सामना सुरू झाला. ऊन रखरखीत होतं. सराव सामना असूनही तीसेक हजार लोक आले होते. आई नेहमीच्या जागी, तिसऱ्या रांगेत होती.

ओमाहाच्या यंत्रानेही माझी खोड पाहिली होती, हे तिसऱ्याच डावात कळलं. त्यांचा मधला गडी माझ्या पायापाशी सपशेल लोळला. माझा बूट त्याच्या दंडाला लागला. दुसरा उजवीकडून धडक द्यायला आला, कारण माझा हात तिथे नसणार याची त्याला खात्री होती. मी वाकलो, पडलेल्याला हात लावला आणि तो हात वर आणला, दुसऱ्याच्या काखेखालून. तो बिचारा हवेत उचलला गेला. मी आत शिरलो आणि क्वार्टरबॅकला चेंडूसकट खाली घातलं. उठताना कोचकडे बघितलं. ते टोपी काढून डोकं खाजवत होते.

दुसऱ्या सत्रात तसंच आणखी एकदा केलं. मग त्यांनी लोळणं बंद केलं. कोचनी एकदा मला बाजूला बोलावून विचारलं, "हे कुठे शिकलास?" मी म्हटलं, "घरी." ते म्हणाले, "असंच चालू ठेव." यादीत माझं नाव लिहिलं गेलंय, असं मला त्या क्षणी वाटलं. पण पायाचं मी जाणत होतो. प्रत्येक पाऊल मी अजून ठरवूनच टाकत होतो.

शेवटचे अकरा सेकंद उरले. आम्ही चार गुणांनी पुढे. चेंडू त्यांच्याकडे, आणि आमची शेवटची रेघ त्यांच्यापासून जेमतेम आठ यार्डांवर; तिच्या पलीकडे चेंडू झेलला की सहा गुण त्यांचे. त्यांची ही शेवटची संधी. हा एक डाव अडवला की सामना आमचा.

चेंडू हलला. मधला गडी माझ्या अंगावर आला, मी त्याला झटकून बाजूला पाडलं आणि भिंत मागे टाकली. समोर मोकळं मैदान. दोन हातांवर क्वार्टरबॅक, माझ्याकडे पाठ करून. असं अकरा वर्षांत चार वेळा मिळालं असेल. एक पाऊल, फक्त एक, आणि तो माझा. मी सगळं वजन त्या पावलात घातलं. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त त्याची पाठ होती. जमीन नव्हती, आई नव्हती, काहीच नव्हतं.

आणि पाऊल हवेतच आखडलं. ते वीतभर आधी, वाकडं पडलं. तोल गेला, मी एका गुडघ्यावर आलो, माझी बोटं क्वार्टरबॅकच्या सदऱ्याला घासून गेली. त्याने चेंडू फेकला. रेघेपलीकडे त्यांच्यातल्या कुणीतरी झेलला. शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

मी खाली बघितलं. माझ्या बुटाच्या टोकापासून बोटभर अंतरावर, गवतात, पालथा पडलेल्या त्या मधल्या गड्याचा उघडा तळवा होता. तो मला दिसल्याचं मला माहीत नव्हतं. मी काही ठरवलं नव्हतं, ठरवायला वेळच नव्हता. त्याने हात ओढून घेतला, उठला आणि मागे वळूनही न बघता आपल्या संघाकडे नाचत धावला. त्याला काहीच कळलं नाही.

कोच ऑर्टन मैदानात आले. ते ओरडले नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले.

"तुझ्या हातात होता तो, निक."

"होता."

"सामना जिंकला होतास तू. पाय का आखडलास?"

"मी नाही आखडला, कोच."

"मग कोणी?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण हसू फुटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मला डोक्याला मार लागला आहे. मग त्यांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला. त्या हातावरून मी समजलो की उद्या सकाळी यादीत माझं नाव नसणार. दुःख झालं. खूप झालं, खोटं कशाला बोलू? दहा वर्षं हरणाऱ्या संघात काढली होती, आणि आता ते माझ्याशिवाय जिंकणार होते. पण आनंद त्याच्यापेक्षा इतका मोठा होता की दुःखाला बसायला जागा मिळेना.

तिसऱ्या रांगेत आई उभी राहिली होती. सगळे लोक गुणफलकाकडे बघत होते आणि ती माझ्या बुटाकडे बघत होती. तिने पदर तोंडाशी धरला होता. मी तिच्याकडे बघून पाय उचलून दाखवला आणि हसता हसता रडायलाच लागलो. भर मैदानात, तीस हजार लोकांसमोर, हेल्मेट हातात घेऊन. कॅमेरे माझ्याकडे वळले, हरल्याचं रडतोय असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे म्हटलं.